महाविद्यालयात मतदार नोंदणी शिबिर कसे घ्यावे: आधी पत्ता ठरवा, मग अर्ज भरा

महाविद्यालयांत मतदार नोंदणीची आठवण पुष्कळदा २५ जानेवारीला, म्हणजे राष्ट्रीय मतदार दिनी होते. शपथ घेतली जाते, रांगोळी काढली जाते, छायाचित्र वर्तमानपत्राकडे जाते आणि मतदार यादीत एकाही नावाची भर पडत नाही. १९ एप्रिल २०२४ रोजी लोकसभेसाठी गडचिरोली-चिमूरमध्ये सुमारे ७२ टक्के मतदान झाले आणि त्याच दिवशी नागपुरात सुमारे ५४ टक्के. या तफावतीची कारणे अनेक असतील. पण नागपुरातल्या वर्गात विचारून पाहावे, तर निरुत्साहापेक्षा एक साधा प्रश्न अधिक वेळा पुढे येतो: "सर, मी राहतो इथे, घर तिकडे, नाव नेमके कुठे नोंदवायचे?" शिबिराची आखणी या प्रश्नापासून करावी.

पहिले काम म्हणजे वर्गनिहाय यादी काढून प्रत्येकाची जन्मतारीख पाहणे. पूर्वी १ जानेवारी ही एकच अर्हता तारीख, म्हणजे ज्या दिवशी अठरा वर्षे पूर्ण असावी लागतात ती तारीख, होती आणि फेब्रुवारीत जन्मलेल्या मुलाला जवळजवळ वर्षभर थांबावे लागे. ऑगस्ट २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा झाल्या आहेत. १२ फेब्रुवारी २००८ रोजी जन्मलेली विद्यार्थिनी १ एप्रिल २०२६ च्या तारखेला पात्र ठरते. सतरा वर्षे पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करता येतो, त्यामुळे बारावीचे आणि पदवीच्या पहिल्या वर्षाचे वर्ग सोडू नयेत.

यानंतर पत्ता. नागपुरात शिकणाऱ्यांत गोंदिया, चंद्रपूर, यवतमाळचे विद्यार्थी असतात, तसे छिंदवाडा आणि बालाघाटचेही. निवडणूक आयोगाच्या सूचनांनुसार वसतिगृहात किंवा अन्यत्र राहून शिकणाऱ्या विद्यार्थ्याला आई-वडिलांच्या घरचा पत्ता अथवा सध्याच्या निवासाचा पत्ता, यांपैकी एक निवडता येतो. अभ्यासक्रम मान्यताप्राप्त आणि किमान एक वर्षाचा असला पाहिजे. एकाच वेळी दोन ठिकाणी नाव ठेवण्यास कायद्याची मनाई आहे आणि अर्जात जाणूनबुजून खोटे निवेदन केल्यास एक वर्षापर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. हे सुरुवातीलाच स्पष्ट सांगावे, कारण गावी आपले नाव आधीच यादीत आहे हे अनेकांना ठाऊकच नसते. तिथल्या अंगणवाडीताईंनी किंवा शिक्षकांनी घरोघरी फिरताना आईकडून कागद घेऊन ते चढवलेले असते. म्हणून अर्ज भरण्यापूर्वी आयोगाच्या मतदार पोर्टलवर नाव शोधण्याची सवय लावावी. नाव कुठेच नसेल तर नमुना ६, नाव असून ते नव्या पत्त्यावर हलवायचे असेल तर नमुना ८. दुसऱ्या राज्यातून आलेल्यालाही हाच नमुना ८ चालतो.

कोणता पत्ता निवडावा, हे शिक्षकाने ठरवू नये, पण विचारल्यास मत द्यायला हरकत नाही. माझे मत असे की, ज्याचे घर उमरेड किंवा भंडाऱ्याला आहे आणि जो शनिवारी एसटीने घरी जातो, त्याने नाव गावीच ठेवावे; जी सिरोंच्याहून आली आहे आणि चार वर्षे इथेच राहणार आहे, तिने नागपूर निवडावे, नाहीतर परीक्षेच्या हंगामात एका मतासाठी तिला इतका लांबचा प्रवास परवडणार नाही. मतदारसंघही नीट पाहावा. हिंगणा रस्त्यावर वानाडोंगरीच्या वसतिगृहात राहणारे विद्यार्थी स्वतःला नागपूरचे समजतात, पण तो भाग हिंगणा विधानसभा मतदारसंघात आणि लोकसभेसाठी रामटेकमध्ये येतो. महानगरपालिकेच्या प्रभागाशीही त्यांचा संबंध नसतो. तिथे स्वतंत्र नगरपरिषद आहे.

कागदपत्रे थोडीच लागतात. वयासाठी जन्मदाखला, आधार किंवा जन्मतारीख असलेले दहावी-बारावीचे प्रमाणपत्र चालते. अडते ते पत्त्याच्या पुराव्यावर. नंदनवन, मानेवाडा किंवा मेडिकल चौकाच्या आसपास खोली घेणाऱ्याला घरमालक नोंदणीकृत भाडेकरार सहसा करून देत नाही आणि विजेचे बिल मालकाच्या नावावर असते. अशा वेळी विद्यार्थी म्हणून अर्ज करताना प्राचार्य, संचालक किंवा कुलसचिव यांच्या सहीचे बोनाफाइड प्रमाणपत्र जोडावे लागते. शिबिराच्या दिवशी प्राचार्य बैठकीसाठी बाहेर असले की रांग तिथेच थांबते. तेव्हा ही प्रमाणपत्रे आठवडाभर आधी तयार करून घ्यावीत.

अर्ज मोबाइलवर भरता येतो, मात्र एक जागा डोळ्यांत तेल घालून तपासावी. रोमन लिपीत नाव टाकले की पोर्टल शेजारच्या रकान्यात त्याचे देवनागरी रूप आपोआप तयार करते आणि ते बरोबर असेलच असे नाही. वानखेडेचे 'वांखेडे' आणि ठाकरेचे 'ठकरे' होऊ शकते. घाईत पुढे गेल्यास हेच यादीत छापले जाते, मतदान कार्डावर येते आणि दुरुस्तीसाठी पुन्हा नमुना ८ भरावा लागतो. विद्यार्थ्यांच्या जोड्या कराव्यात; एकाने भरावे, दुसऱ्याने दहावीच्या गुणपत्रिकेशी अक्षर अन् अक्षर ताडून पाहावे. आमच्या शिबिरांत याचा जेवढा उपयोग झाला, तेवढा कोणत्याही भाषणाचा झाला नाही.

अर्ज दाखल झाल्यावर संदर्भ क्रमांक मिळतो. तो एका वहीत नाव, वर्ग आणि मोबाइल क्रमांकासह उतरवून घ्यावा; ही वही दोन विद्यार्थी प्रतिनिधींकडे असावी, तिचे छायाचित्र कोणत्याही गटावर फिरू नये. पुढे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, म्हणजे बीएलओ, पत्त्यावर पडताळणीसाठी येऊ शकतात. दिवाळीच्या सुट्टीत खोलीला कुलूप असले आणि घरमालकाने "इथे असे कोणी राहत नाही" असे सांगितले, की अर्ज नामंजूर होण्याची वेळ येते. म्हणून शिबिर सत्र सुरू झाल्यावर लगेच, जुलै-ऑगस्टमध्ये घ्यावे आणि घरमालकाला व वसतिगृहाच्या अधीक्षकांना आधी कल्पना द्यावी. कार्डही टपालाने याच पत्त्यावर येते. दर पंधरा दिवसांनी वही उघडून अर्जांची स्थिती पाहावी; अडलेल्यांनी १९५० या मदत क्रमांकावर किंवा मतदार नोंदणी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारणा करावी. निवडणूक जाहीर झाल्यावर धावपळ करणे व्यर्थ असते, कारण उमेदवारी अर्जांची मुदत संपल्यानंतर त्या निवडणुकीसाठी यादीत नवे नाव येत नाही आणि त्याआधीचे काही दिवस हरकतींसाठी जातात.

शिबिराच्या मांडवात कोणत्याही पक्षाचा फलक, पाहुणा किंवा पाण्याची बाटलीसुद्धा नसावी.

नाव लागल्यावर विद्यार्थ्यांना काही वाचायलाही द्यावे. आपल्या मतदारसंघातील उमेदवारांची शपथपत्रे आयोगाच्या संकेतस्थळावर असतात; त्यांत मालमत्ता, शिक्षण आणि प्रलंबित गुन्हे नमूद असतात. दोन उमेदवारांची शपथपत्रे समोर ठेवून तासभर चर्चा केली, तर मुले स्वतःहून प्रश्न काढतात. महानगरपालिकेसाठी वेगळी नोंदणी करावी लागत नाही, विधानसभेचीच यादी प्रभागनिहाय विभागली जाते, हेही तेव्हाच सांगावे. विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघाचे मात्र निराळे आहे: पदवीला तीन वर्षे झाल्यावर नमुना १८ भरावा लागतो आणि यादी प्रत्येक निवडणुकीपूर्वी नव्याने तयार होत असल्याने मागच्या वेळचे नाव पुढे चालत नाही.

शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी दाखला घ्यायला येतात, तेव्हा कार्यालयाच्या खिडकीजवळ नमुना ८ ची सूचना लावून ठेवावी. पुण्याला नोकरी लागलेल्या मुलाचे नाव नंदनवनच्या त्या खोलीवरच राहिले, तर पुढच्या पडताळणीत ते वगळले जाण्याची शक्यता असते आणि खोलीत तोवर दुसरा भाडेकरू आलेला असतो.