पाय मोडल्यावर घरी बरं होताना या चुका टाळा

हाड जुळायला किती काळ लागेल, हे बरंचसं कुठलं हाड मोडलंय आणि कसं मोडलंय यावर ठरतं. घोट्याजवळचा साधा मोड ६ ते ८ आठवड्यांत बऱ्यापैकी सावरतो. नडगीचं हाड मधोमध मोडलं तर ४-५ महिने सहज जातात, मांडीचं हाडही तितकाच वेळ खातं. त्यात घाई करण्यासारखं आपल्या हातात फारसं नसतं. घरी आल्यावर जे बिघडतं ते बहुतेकदा हाडाच्या आसपासचं असतं. गुडघा पूर्ण सरळ होईनासा होतो, घोटा आखडतो, मांडी बारीक होते, लंगडायची सवय लागते. एक्स-रे उत्तम आणि माणूस मात्र लंगडतोय, असं दिसतं ते यामुळेच. पुढे सांगितलेल्या गोष्टींपेक्षा तुमच्या सर्जनने वेगळं सांगितलं असेल, तर त्यांचंच ऐका. कारण आतला मोड त्यांनी पाहिलेला असतो.

‘थोडं वजन द्या’ म्हणजे किती, हे न विचारणं

दवाखान्यातून निघताना सगळ्यात मोघम राहणारी सूचना हीच. तिचे चार प्रकार असतात: वजन अजिबात नाही, पाऊल नुसतं टेकवा, ठरावीक वजन द्या, झेपेल तितकं द्या. आपला प्रकार कोणता आणि तो किती तारखेपर्यंत, हे कागदावर लिहून घ्या. ‘ठरावीक’ असेल तर आकडा किलोमध्ये मागा. ७० किलोच्या माणसाला ‘निम्मं’ सांगितलं तर ते ३५ किलो होतं. अंदाजाने पाऊल टाकणारा कधी १० किलो देतो, कधी ५०.

हा अंदाज वजनकाट्यावर बसवता येतो. मोडलेला पाय काट्यावर ठेवा. दुसऱ्या पायाखाली काट्याच्याच उंचीची फळी किंवा जाड पुस्तकं घ्या, नाहीतर कंबर एका बाजूला कलते आणि आकडा चुकतो. कुबड्या धरून हळूहळू भार टाका, सांगितलेल्या आकड्यावर थांबा आणि तळव्याला कसं वाटतंय ते लक्षात ठेवा. मग काट्याकडे न बघता तेवढाच भार द्या आणि शेजारच्याला आकडा वाचायला सांगा. दोन-तीन किलोंच्या फरकाने सलग दहा वेळा जमलं की चालायला लागा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासा, कारण शरीर हे पटकन विसरतं. शिवाय चालताना भार उभं राहण्यापेक्षा जास्त पडतो, म्हणून आकड्याच्या थोडं अलीकडेच राहिलेलं बरं.

‘नुसतं टेकवा’ सांगितलेले बरेच जण फक्त बोटं टेकवतात आणि टाच वर धरून चालतात. महिनाभर असं चाललं की टाचेमागची शीर आखडते. मनाई नसेल तर पूर्ण तळवा सपाट टेकवा, भार मात्र हातांवर ठेवा.

उलटी चूकही तितकीच होते. ‘झेपेल तितकं वजन द्या’ असं स्पष्ट सांगितलेलं असतानाही भीतीने पाय दोन-दोन महिने अधांतरी ठेवला जातो. परवानगी मिळाल्यावर पडणारा भार हाडाला हवाच असतो. भार नसेल तर हाड विरळ होत जातं आणि स्नायू त्याहून लवकर झडतात.

काखेवर लोंबकळणं

कुबड्या हाताने वापरायच्या असतात. वरची गादी काखेच्या २-३ बोटं खाली हवी आणि चालताना ती छातीच्या बाजूला दाबून धरायची. हात सैल सोडल्यावर मनगटाची घडी जिथे येते तिथे मूठ हवी, म्हणजे मूठ धरल्यावर कोपर थोडं वाकलेलं राहतं. काखेवर भार देत राहिलं तर तिथली नस दबते. आधी हाताला मुंग्या येतात, पुढे मनगट वर उचलता येईनासं होतं. मुंग्या येऊ लागल्या की कुबडीची उंची त्याच दिवशी तपासा. तळवे दुखत असतील तर मुठीला जाड कापड गुंडाळा.

खालचं रबरी बूच दर आठवड्याला उलटून बघा. त्यावरच्या खाचा झिजून ते गुळगुळीत झालं असेल तर ओल्या फरशीवर ते साबणासारखं सरकतं. सैल गालिचे, जमिनीवरच्या वायरी आणि मागून उघड्या चपला यांनीही माणूस पडतो. टाच धरून ठेवणारं पादत्राण घाला. चहाचा कप घेऊन कुबड्यांवर चालता येत नाही, हे पहिल्याच दिवशी कळतं. त्यासाठी पाठीवरची पिशवी आणि झाकणाची बाटली वापरा.

जिन्यावर चढताना चांगला पाय आधी, उतरताना कुबडी आणि मोडलेला पाय आधी. चढताना जो पाय वर जातो तो सगळं शरीर उचलतो. उतरताना जो मागे राहतो तो शरीर सावकाश खाली सोडतो. दोन्ही वेळा कष्टाचं काम चांगल्या पायाकडेच यायला हवं. कठडा असेल तर एक हात कठड्यावर ठेवा आणि कुबडी दुसऱ्या हातात घ्या. साधा वॉकर जिन्यासाठी नसतोच. धीर होत नसेल तर पायरीवर बसून एकेक पायरी सरकत जा, त्यात कमीपणा काही नाही.

गुडघ्याखाली उशी

ही सगळ्यात आरामदायक आणि सगळ्यात महागात पडणारी चूक. गुडघा थोडा वाकवून उशीवर टेकवला की दुखणं कमी वाटतं, म्हणून उशी तिथेच राहते. काही आठवड्यांत गुडघ्याचा मागचा भाग आखडतो आणि पाय शेवटचे ५-१० अंश सरळ होईनासा होतो. गुडघा सरळ होत नसेल तर लंगडणं जात नाही, मग ताकद कितीही येवो.

उशी पोटरीखाली ठेवा, टाच हवेत राहील अशी. त्यामुळे गुडघा आपोआप सरळ होतो आणि टाचेवर दाबाची जखमही होत नाही. सूज उतरवायची असेल तर पाऊल छातीच्या वर यायला हवं. खुर्चीत बसून समोरच्या स्टुलावर पाय ठेवल्याने ते होत नाही, त्यासाठी आडवंच व्हावं लागतं. पहिले काही दिवस जेवण आणि आन्हिकं सोडली तर बहुतेक वेळ असं पडून राहिलेलं चांगलं. बर्फ लावायचा तर कापडातून, एका वेळी १५-२० मिनिटं. प्लास्टर ओलं होऊ देऊ नका.

पडल्या पडल्या करायचे व्यायाम साधे असतात आणि म्हणूनच राहून जातात. गुडघा खाली दाबून मांडीचा पुढचा स्नायू घट्ट करा, ५ पर्यंत मोजा आणि सोडा. असं १० वेळा, दिवसातून ३-४ खेपा. प्लास्टरमध्येही हे करता येतं. मांडीचा मोड असेल किंवा गुडघ्याची वाटी फुटली असेल, तर आधी विचारून घ्या. घोटा मोकळा असेल आणि हलवायची परवानगी असेल तर पाऊल वर-खाली करा, जागेपणी दर तासाला १५-२० वेळा. याने पोटरीतलं रक्त पुढे ढकललं जातं. मग टॉवेल चवड्याला अडकवून, गुडघा सरळ ठेवून पाऊल आपल्याकडे ओढा आणि ३० सेकंद धरा, असं ३-४ वेळा. पाऊल सैल सोडलं की ते पुढे झुकतं आणि आठवड्यागणिक तिथेच अडकत जातं.

कोणत्या खुणा दिसल्या तर वाट पाहायची नाही

प्लास्टरमध्ये खाज सुटली म्हणून पट्टी किंवा सुई आत घालू नका. कातडी सोलते आणि जखम आतल्या आत चिघळते. केस वाळवण्याच्या यंत्राची गार हवा वरच्या कडेतून सोडा, बस्स. आंघोळीला दोन पिशव्या, प्रत्येक वेगळी घट्ट बांधलेली आणि पाय पाण्याबाहेर.

पायाच्या बोटाचं नख दाबून सोडलं की दोन-तीन सेकंदांत गुलाबी व्हायला हवं. बोटं गार, निळसर किंवा बधिर वाटली तर प्लास्टर घट्ट झालंय. पाय उंच ठेवूनही आणि गोळी घेऊनही दुखणं वाढतच असेल, बोटं दुसऱ्याने हलकेच ताणली तरी पोटरीत जीव जाईल अशी कळ येत असेल, तर स्नायूंच्या कप्प्यात दाब वाढलेला असू शकतो. काही तासांत स्नायू मरायला लागतात. इथे सकाळपर्यंत थांबणं हीच चूक. दवाखान्यात जाताना पाय छातीच्या पातळीला ठेवा, त्याहून उंच नको.

रक्ताच्या गुठळीचं वागणं वेगळं असतं. एकाच पोटरीत सूज, गरमपणा आणि दुखणं, आणि रात्रभर पाय उंच ठेवूनही सूज न उतरणं. अचानक धाप लागली, श्वास घेताना छातीत दुखलं किंवा खोकल्यातून रक्त पडलं तर थेट तातडीच्या विभागात जा. रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शनं किंवा गोळ्या दिल्या असतील तर ‘आता फिरतोय की’ म्हणून मधेच सोडू नका. ऑपरेशनच्या जखमेतून पू येणं, भोवती लाली पसरणं आणि ताप येणं, हेही फोन करून विचारण्यासारखंच.

दुखण्याची गोळी दुखणं टोकाला गेल्यावर घेतली तर ती उशिरा लागू पडते. पहिल्या दिवसांत ठरलेल्या वेळी घ्या. व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी एक डोस येईल असं बसवा. पॅरासिटामॉल इतर गोळ्यांमध्येही मिसळलेलं असतं, म्हणून सगळी मिळून दिवसाची मर्यादा पाहा. मोठ्या माणसाला ४ ग्रॅमच्या वर कधीच नाही. ट्रॅमाडॉलसारख्या गोळ्यांनी पोट साफ होत नाही, तेव्हा पहिल्या दिवसापासून पाणी वाढवा. धूम्रपान करत असाल तर थांबवा. हाड जुळायला उशीर होण्याचं, कधी न जुळण्याचंही ते एक ठळक कारण आहे.

प्लास्टर निघालं म्हणजे झालं, असं समजणं

निघाल्यावर पाय बारीक, केसाळ आणि खवलेदार दिसतो. खाली सोडला की जांभळट होतो. घाबरू नका आणि घासूही नका. कोमट पाण्याने धुवा, मलम लावा, खवले आपोआप निघतात. संध्याकाळची सूज कित्येक महिने येत राहते. रात्रीत ती उतरते ना, एवढं पाहा. जळजळणारं दुखणं, नुसता कपडा लागला तरी असह्य होणं आणि एकाच पायाला घाम किंवा रंग बदलणं, असं एकत्र दिसलं तर मात्र लगेच सांगा. ते लवकर ओळखलं तर उपचार सोपे जातात.

किती चाललं म्हणजे जास्त झालं? दुसऱ्या दिवसाची सकाळ सांगते. सूज आणि दुखणं कालच्या सकाळइतकंच असेल तर १०-१५ टक्के वाढवा. जास्त असेल तर दोन दिवस मागच्या मापावर या. स्नायू दुखणं ठीक. नेमक्या मोडीच्या जागी बोट ठेवता येईल असं टोचरं दुखणं भार देताना वाढत असेल तर थांबून सर्जनला दाखवा.

लंगडण्याची सवय

आरशासमोर किंवा मोबाइलवर बाजूने चित्रण करून पाहा. बहुतेकांत एकच गोष्ट दिसते: मोडलेल्या पायाचं पाऊल लांब पडतं आणि चांगला पाय मागून येऊन त्याच्या शेजारी थांबतो, पुढे जात नाही. कारण चांगला पाय पुढे टाकायचा तर तेवढा वेळ सगळा भार मोडलेल्या पायावर राहतो आणि त्याचा घोटा पुढे झुकावा लागतो. भीती आणि आखडलेला घोटा दोन्ही तिथे आडवे येतात. उपाय उलटा वाटतो. मोडलेल्या पायाचं पाऊल आखूड करा आणि चांगला पाय त्याच्या पुढे नेऊन ठेवा. टाच आधी टेकू द्या. दहा पावलं नीट टाका, मग थांबा. शंभर वाकडी टाकून काही मिळत नाही.

घोट्याची चाल भिंतीजवळ मोजता येते. टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा आणि अंगठा भिंतीपासून किती लांब नेता येतो ते पट्टीने पाहायचं. चांगल्या पायाशी तुलना करा. फरक दर आठवड्याला कमी व्हायला हवा.

दोन कुबड्यांवरून एकीवर आलात तर ती चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात धरा. मोडलेल्या बाजूला धरली की शरीर त्याच बाजूला कलतं. काठीचंही तसंच. काठीशिवाय लंगडत चालण्यापेक्षा काठीने सरळ चाललेलं बरं. काठी सोडायची ती सरळ चालता यायला लागल्यावर, कॅलेंडर बघून नव्हे. पायात आधाराचा उंच बूट असेल तर दुसऱ्या पायात तेवढ्याच जाड तळव्याचा जोडा घाला, नाहीतर महिन्याभरात कंबर बोलायला लागते.

पुढे टेबलाच्या कडेला धरून एका पायावर उभं राहा. ३० सेकंद जमलं की हात सोडा. मग टाचा उचला, आधी दोन्ही पायांवर आणि नंतर एकावर.

गाडी चालवायची परवानगी प्लास्टर किंवा बूट निघाला म्हणजे मिळत नाही. पूर्ण भार द्यायला लागल्यावरही जोरात ब्रेक दाबण्याचा वेग पूर्ववत व्हायला आणखी साधारण ६ आठवडे लागतात. डॉक्टरांनी हो म्हटल्यावर आधी बंद गाडीत बसून ब्रेक अचानक पूर्ण दाबून पाहा. पाय कचरला तर अजून चालवू नका.