आर्डुइनो उनोवर एलएम३५ने तापमान नीट कसं मोजावं

जोडणीत अवघड काही नाही. एलएम३५ या तापमान सेन्सरची सपाट बाजू आपल्याकडे, पाय खाली धरा: डावा उनो बोर्डाच्या ५ व्होल्टला, मधला ए० पिनला, उजवा ग्राउंडला. उलटा लावलात तर चटका बसेल इतका तापतो.

हा सेन्सर दर अंशाला १० मिलिव्होल्ट देतो. त्याचा आकडा करतो उनोच्या चिपमधला एडीसी (व्होल्टेजचं आकड्यात रूपांतर करणारा भाग), आणि तो वजनकाट्यासारखा चालतो: आधी मोठं माप टाकून बघायचं, जास्त झालं तर काढायचं, मग त्याच्या निम्मं. अशा १० तुलना सुमारे १०० मायक्रोसेकंदांत उरकतात आणि ० ते १०२३ मधला एक आकडा हाती येतो. व्होल्ट किती हे एडीसीला कळतच नाही. आलेलं व्होल्टेज रेफरन्सचा, म्हणजे तुलनेसाठी धरलेल्या व्होल्टेजचा, कितवा हिस्सा, एवढंच तो सांगतो.

सगळा घोळ या रेफरन्सपाशी होतो. मीही इथेच बराच काळ अडकलो होतो. काही न सांगितल्यास उनो आपला सप्लायच रेफरन्स धरतो. प्रोग्रॅममध्ये सगळे डोळे झाकून ५.० लिहितात, पण यूएसबीवर तो बऱ्याचदा ५ नसतो. समजा ४.६ आहे आणि खोलीत ३० अंश. ३०० मिलिव्होल्टचं रीडिंग ६६ येईल, आणि ५ने हिशेब केलात की स्क्रीनवर ३२.२. यावर ‘रीडिंगची सरासरी घ्या’ हा सल्ला हमखास मिळतो. तो साफ निरुपयोगी आहे. सरासरीने आकड्याची थरथर कमी होते; माप खोटं असेल तर ते खोटंच राहतं.

तेव्हा प्रोग्रॅमच्या सेटअपमध्ये चिपचा आतला १.१ व्होल्टचा रेफरन्स निवडा. रीडिंगची एक पायरी ४.९ मिलिव्होल्टवरून १.१ मिलिव्होल्टच्या खाली येते, म्हणजे अंशाचा साधारण दहावा भाग. वाचनाची हद्द ११० अंशांवर संपते, घरच्या कामाला ती पुष्कळ झाली. पण १.१ हा आकडाही जसाच्या तसा घेऊ नका. चिपगणिक तो १.० ते १.२ व्होल्टच्या दरम्यान कुठेही असतो. एका चिपचा मात्र फारसा हलत नाही. म्हणून एकदा ए० वाचून घ्या, मल्टिमीटर एरेफ (रेफरन्सची) पिन आणि ग्राउंडला लावा आणि दिसेल तो आकडा प्रोग्रॅममध्ये टाका.

एरेफ पिनला बाहेरून ५ किंवा ३.३ व्होल्ट जोडलेले असतील तर ते आधी काढा. आतला रेफरन्स चालू असताना ते तसेच राहिले तर आत शॉर्ट होतो आणि चिप जाऊ शकते. हे मल्टिमीटर लावण्याआधी नाही, प्रोग्रॅम चढवण्याआधी बघायचं.

रेफरन्स बदलल्यावरची पहिली काही रीडिंग सोडून द्या. पुढचं गणित सोपं: रीडिंग गुणिले मोजलेला रेफरन्स, भागिले १०२४, गुणिले १००.

सरासरी घ्यायचीच तर आता घ्या. दशांशानंतर एकच अंक दाखवा. एलएम३५ स्वतःच अर्धा-एक अंश इकडेतिकडे असतो.