ट्रायल्स बाइकचं काम शिकायचंय? आधी घर्षण शोधायला शिका

ट्रायल्स ही मोटारसायकलची स्पर्धा असली तरी तिच्यात वेगाला फारशी किंमत नाही. ओढ्यातले शेवाळलेले दगड, झाडांची मुळं, उभे कातळ यांच्यातून एक छोटासा मार्ग आखतात, त्याला सेक्शन म्हणतात. सेक्शनमध्ये पाय एकदा टेकला की 1 दंडगुण, दोनदा टेकला की 2, त्यापुढे कितीही वेळा टेकला तरी 3, आणि गाडी पडली किंवा आखलेल्या मार्गाबाहेर गेली की 5. ज्याचे दंडगुण सगळ्यांत कमी, तो जिंकला. गाडीला सीट जवळजवळ नसतेच. रायडर सतत फूटरेस्टवर उभा असतो.

कोल्हापुरात मेकॅनिकलचा डिप्लोमा करून मी पुढच्या शिक्षणासाठी इंग्लंडमधल्या लीड्सला आले आणि ते संपल्यावर यॉर्कशरमधल्याच एका छोट्या वर्कशॉपमध्ये या गाड्यांच्या कामाला लागले. आता गावाकडची मुलं-मुली विचारतात, या कामात शिरायचं कसं? आणि बहुतेकांचा पुढचा प्रश्न अपग्रेडचा असतो: सायलेन्सर कोणता चांगला, टायटॅनियमचे बोल्ट घ्यावेत का, कार्बनचे भाग कुठे लावायचे. माझं मत ठाम आहे. पहिलं वर्षभर अपग्रेडला हात लावू नका. ट्रायल्स बाइकमध्ये जे हलायला हवं ते जराही अडखळता कामा नये आणि जे हलायला नको त्यात जराही प्ले, म्हणजे ढिलेपणा, असता कामा नये. एवढं ज्याला जमलं, त्याची जुनी गाडीसुद्धा नव्या गाडीपेक्षा बरी चालते.

असं का, तेही सांगते. आजची ट्रायल्स बाइक साधारण 70 किलोची असते आणि तिचं सगळं काम माणसाच्या चालण्याच्या वेगाने होतं. क्लच आणि पुढचा ब्रेक प्रत्येकी एका बोटाने चालवायचा असतो. रस्त्यावरच्या गाडीचा क्लच थोडा चिकटत असेल तर गिअर टाकताना एक धक्का बसतो, गाडी पळायला लागली की आपण तो विसरतो. इथे तोच धक्का रायडरला दगडावरून खाली उतरवतो.

म्हणून वर्कशॉपमध्ये गाडी आली की मी पहिल्यांदा क्लच बघते. इंजिन गरम करायचं, बंद करायचं, दुसरा गिअर टाकायचा, क्लच दाबायचा आणि गाडी हाताने पुढे ढकलायची. ती सहज सरकली पाहिजे. अडली तर क्लच पूर्ण सुटत नाही असं समजा. कारण कधी क्लचच्या हायड्रॉलिक लाइनमध्ये हवा असते, कधी ऑइल जाड असतं, कधी प्लेटांचाच दोष. काही नव्या गाड्यांत तर क्लच प्लेटच्या घर्षणपट्ट्यांच्या फटींतून कारखान्यातला गोंद बाहेर आलेला असतो. तो धारदार पात्याने खरवडून काढला की क्लचचा स्वभावच बदलतो. हे काम करायला दुपार जाते आणि खर्च जवळजवळ शून्य. हायड्रॉलिक क्लचमध्ये द्रव भरताना मात्र त्या द्रवाच्या टाकीच्या झाकणावर काय लिहिलंय ते वाचा. काहींना डॉट 4 (ब्रेकमध्ये घालतात तो द्रव) लागतं, काहींना मिनरल ऑइल. एकाच्या जागी दुसरं घातलं की आतली रबरी सीलं फुगून संपली.

गिअरबॉक्सचं ऑइल अर्ध्या लिटरच्या आसपासच असतं आणि क्लचही त्यातच भिजतो, त्यामुळे ते वारंवार बदलावं लागतं. निघालेलं ऑइल काचेच्या भांड्यात धरा. ते दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाण्याच्या पंपाचं सील गेलं. अशा वेळी नुसतं सील बदलून भागत नाही, पंपाच्या शाफ्टला नख लावून बघा. चर पडलेला असेल तर नवं सीलही थोड्याच दिवसांत गळेल.

आता मागच्या सस्पेन्शनच्या लिंकेजबद्दल थोडं सविस्तर, कारण मी हे काम प्रत्येक शिकाऊ मुलाला सगळ्यांत आधी देते. स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा, वर-खाली हलणारा दांडा) आणि शॉक (शॉक अब्सॉर्बर) यांच्या मधे दोन-तीन छोटे दुवे असतात, त्यांत सुईसारखी रोलर बेअरिंग. गाडीचा हा भाग सगळ्यांत खाली, ओढ्याच्या पाण्यात आणि इथल्या काळ्या पीटच्या (कुजलेल्या वनस्पतींच्या मातीच्या) चिखलात. बाहेरून काही कळत नाही, कारण गाडी वर-खाली होतच असते. शॉकचा खालचा बोल्ट काढा आणि स्विंगआर्म एका हाताने वर उचलून सोडा. ग्रीस ताजं असेल तर तो अलगद खाली येतो. नसेल तर मधेच रेंगाळतो किंवा आहे तिथेच थांबतो. मग पिन बाहेर काढा. कित्येकदा पिनेबरोबर तपकिरी पाणी येतं आणि सुया एकमेकींना गंजून चिकटलेल्या असतात. सगळं पुसून प्रत्येक सुई बोटाने फिरवायची, खरखरली तर बेअरिंग बदलायचं, नाहीतर पाण्याला टिकणारं ग्रीस भरून परत बसवायचं. ‘मागचं चाक दगडावर पकड घेत नाही’ अशी तक्रार घेऊन आलेला, नवा शॉक घ्यायच्या तयारीत असलेला गिऱ्हाईक मी केवळ ग्रीस भरून परत पाठवलेला आहे. आमच्या मालकांना हे फार आवडतं, जरी त्यात त्यांची एका शॉकची विक्री बुडते.

बेअरिंगांचा सगळ्यांत मोठा शत्रू म्हणजे प्रेशर वॉशर. चिखल काढायला तो वापरावाच लागतो, पण फवारा चाकांच्या मध्यावर, लिंकेजवर, हँडलच्या मानेवर सरळ मारू नका. धुण्याआधी सायलेन्सरच्या तोंडात बूच घाला आणि एअरबॉक्स झाका. धुऊन झाल्यावर गाडी चालू करून थोडी फिरवा. एअर फिल्टर फोमचा असतो. तो धुऊन, पूर्ण वाळवून, फिल्टर ऑइलमध्ये भिजवून, पिळून लावायचा, आणि ज्या कडेवर तो बसतो तिथे ग्रीसचा पातळ थर द्यायचा.

एक गोष्ट रस्त्यावरच्या गाड्यांवर काम केलेल्यांच्या लक्षात येत नाही: रेडिएटरचा पंखा. गाडी इतकी हळू चालते की समोरून वारा लागतच नाही, सगळा थंडावा पंख्यावर अवलंबून. सर्व्हिसिंगला आलेली प्रत्येक गाडी पंखा आपोआप सुरू होईपर्यंत चालू ठेवायची. सुरू झाला नाही तर थर्मोस्विच, जोडण्या, मोटर या क्रमाने तपासायचं.

टू-स्ट्रोक इंजिन म्हटलं की आपल्याकडे पंपावर पेट्रोलमध्ये टू-टी (2T) ऑइल टाकून घेण्याची सवय आठवते. इथे मोजून घालतात. आधुनिक ट्रायल्स इंजिनाला साधारण 80 भाग पेट्रोलला 1 भाग ऑइल, म्हणजे 5 लिटरला 62.5 मिलिलिटर. पण निर्मात्याचं पुस्तक जे सांगेल ते प्रमाण. जास्त ऑइल घातल्याने इंजिनाचं भलं होत नाही, हळू चालणाऱ्या इंजिनात ते जळत नाही आणि सायलेन्सरमध्ये साचतं. ब्रिटनमध्ये सप्टेंबर 2021 पासून साधं पेट्रोल 10 टक्के इथेनॉलचं झालं. इथेनॉल ओलावा ओढतं, आणि गाडी महिनाभर उभी राहिली की कार्ब्युरेटरच्या बारीक जेटमध्ये चिकट थर बसतो. पायलट जेट (इंजिन हळू चालताना पेट्रोल सोडणारं जेट) काढून उजेडाकडे धरा. भोक स्वच्छ गोल दिसलं पाहिजे. तारेने टोकरू नका, भोक मोठं होतं. क्लीनर आणि हवेच्या दाबानेच साफ करा. गाडी ठेवून देताना कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल काढून टाका. भारतातही आता 20 टक्के इथेनॉल आलंय, तेव्हा ही सवय तिकडेही उपयोगाचीच.

टायरबद्दल थोडक्यात. मागचा टायर 4.00 आर 18, ट्यूबलेस, त्याच्या बाजू मुद्दाम मऊ ठेवलेल्या. त्यात हवा फक्त 4 ते 5 पीएसआय, पुढे 6 ते 7. पेट्रोल पंपावरच्या गेजवर हा आकडा नीट वाचताच येत नाही, म्हणून कमी दाबाचं वेगळं गेज विकत घ्या. या कामात स्वतःच्या पैशाने घ्यायची पहिली वस्तू तीच. दगडावर टायर घसरतो म्हणून नवा टायर मागणाऱ्याच्या टायरात कित्येकदा 8 पीएसआय निघतात.

आणि चेनला ऑइल मारताना मागच्या डिस्कवर जाड फडकं धरा. एकदा ऑइल लागलेले पॅड कितीही घासले तरी पुन्हा पहिल्यासारखे चावत नाहीत.

अपग्रेडचा विचार यानंतर. सगळ्यांत आधी स्प्रिंग रायडरच्या वजनाला साजेशी आहे का ते बघा: रायडर फूटरेस्टवर उभा राहिला की मागचं सस्पेन्शन एकूण हालचालीच्या साधारण एक तृतीयांश खाली बसावं. 55 किलोची मुलगी आणि 95 किलोचा गडी यांना एकच स्प्रिंग चालणार नाही. नवशिक्यासाठी फ्लायव्हीलला (इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चाकाला) जादा वजनाची कडी लावली तर इंजिन पटकन बंद पडत नाही आणि उसळतही नाही. हळू उघडणारी थ्रॉटलची नळी स्वस्त आणि अतिशय उपयोगी. हँडलवर लीव्हरच्या पकडीखाली टेफ्लॉन टेपचे दोन वेढे द्या, म्हणजे गाडी पडली की लीव्हर मोडण्याऐवजी फिरतो. टायटॅनियम या यादीत शेवटी.

ज्याला अपग्रेडची खरी कला समजून घ्यायची आहे, त्याने हॅम्पशरमधल्या न्यू मिल्टनला सॅमी मिलर म्युझियम पाहावं. मिलर हे ट्रायल्सचे नामांकित रायडर. त्यांनी एरियल या ब्रिटिश कंपनीच्या 500 सीसी फोर-स्ट्रोक गाडीवर वर्षानुवर्षं काम केलं, एकेक भाग हलका केला, आणि मग स्पेनच्या बुल्टाकोसाठी टू-स्ट्रोक शेर्पा टी घडवण्यात हात घातला. 1965 मध्ये त्याच बुल्टाकोवर त्यांनी स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल जिंकली, आणि जड फोर-स्ट्रोक गाड्यांचे दिवस भरले. त्याआधीच्या काळात आपल्या ओळखीचं एक नाव सापडतं: 1952 आणि 1957 मध्ये हीच स्पर्धा जॉनी ब्रिटननी रॉयल एनफिल्डवर जिंकली होती. बुलेटला स्विंगआर्मचं मागचं सस्पेन्शन मिळालं तेही 1940 च्या दशकाच्या शेवटी, आणि त्याची परीक्षा आधी ट्रायल्सच्या चिखलात झाली. आपल्या गल्लीतल्या बुलेटचा स्विंगआर्म खोलला असेल तर इथलं लिंकेज तुम्हाला परकं वाटणार नाही.

नोकरीचं स्पष्ट सांगते. फक्त ट्रायल्सवर पोट भरणारे मेकॅनिक इथेही थोडेच. बहुतेक जण आठवडाभर साध्या मोटारसायकलींचं काम करतात. आमच्याकडेही तसंच. महाराष्ट्रात आयटीआयचा मेकॅनिक मोटर व्हेईकलचा दोन वर्षांचा ट्रेड किंवा डिप्लोमा झाला असेल तर पाया पुरेसा आहे. इथे पुढे मोटारसायकल मेंटेनन्सचा लेव्हल 2 आणि 3 चा अभ्यासक्रम करता येतो. वरच्या पातळीवर प्रत्येक रायडरसोबत एक माइंडर असतो. तो पाठीवर हत्यारांची पिशवी घेऊन कातळावर चढतो, पडणारी गाडी धरतो आणि दोन सेक्शनच्या मधे ती दुरुस्तही करतो. त्यासाठी स्वतः बरी गाडी चालवता यायला हवी. इलेक्ट्रिक गाड्याही येतायत, जागतिक पातळीवर त्यांची वेगळी स्पर्धा 2017 मध्ये सुरू झाली, तेव्हा मल्टिमीटर हाताला बसलेला असू द्या. लिंकेज, टायर आणि ब्रेकचं काम त्यांतही हेच.

नोकरीचा अर्ज करण्याआधी जवळच्या ट्रायल्स क्लबला ऑब्झर्व्हर म्हणून येऊ का असं विचारा. सेक्शनजवळ उभं राहून गुण लिहिणारी माणसं क्लबांना नेहमीच कमी पडतात आणि नवख्याला नियम शिकवून घेतात. रविवारभर एकाच ओढ्याकाठी उभं राहिलं की नव्या-जुन्या, टू-स्ट्रोक, फोर-स्ट्रोक सगळ्या गाड्यांचे आवाज कानांवरून जातात. कुठली चिकटतेय, कुठलं लिंकेज सुकलंय हे ऐकू यायला लागतं. आमच्या मालकांशी माझी ओळख अशाच एका सेक्शनवर झाली. जाताना गमबूट, रेनकोट आणि डबा न्या, डोंगरात दुकान नसतं.