आकाशातली रेघ: पीसीएसएक्स२ मध्ये सेटिंग्जना हात लावण्याआधीची तयारी

प्लेस्टेशन २ चा जुना गेम पीसीएसएक्स२ वर, म्हणजे त्या कन्सोलची नक्कल संगणकावर करणाऱ्या इम्युलेटरवर, चौपट रेझोल्यूशनला लावला, की कधी आकाशातून उभी रेघ जाते, कधी स्कोअरच्या आकड्यांना काळी किनार लागते. मग हात थेट सेटिंग्जकडे जातो. तो जरा आवरा. आधी खोट दिसते नेमक्या त्या जागी थांबून एफ १ ने सेव्ह स्टेट (गेमच्या त्या क्षणाची जशीच्या तशी नोंद) घ्या आणि एफ ८ ने स्क्रीनशॉट काढा. शिवाय गेममधल्या मेमरी कार्डावरही सेव्ह करा, कारण इम्युलेटरची आवृत्ती बदलली की जुनी स्टेट उघडेलच असं नाही. आत्ताची रेझोल्यूशन आणि फिल्टरिंगची सेटिंग्ज कागदावर उतरवून ठेवा. आणि बदल करायचे ते त्या गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये. सगळ्यांना लागू होणाऱ्या सेटिंग्जमध्ये केलेत, तर धड चालणारे चार गेमही बिघडतील.

आता एफ ९ दाबा. चित्र सॉफ्टवेअर रेंडररकडे जातं, म्हणजे ग्राफिक्स कार्ड बाजूला राहतं आणि मूळ कन्सोलच्याच रेझोल्यूशनला प्रोसेसर चित्र काढतो. रेघ तिथेही असेल तर फिल्टरिंगच्या मागे लागू नका; बहुधा गेम मुळातच तसा आहे. रेघ गेली, तर परत हार्डवेअरवर या आणि रेझोल्यूशन एकपट करा. एकपटला चित्र स्वच्छ आणि चौपटला रेघ, म्हणजे गुन्हेगार सापडला: वाढवलेलं रेझोल्यूशन.

कारण असं. गेम पूर्ण पडदा कधीकधी उभ्या पट्ट्या जोडून रंगवतो, आणि आकडे-अक्षरं एकाच टेक्श्चरवर (आकारांवर चिकटवायच्या चित्रावर) एकमेकांना खेटून ठेवलेली असतात. बायलिनियर फिल्टर प्रत्येक ठिकाणी शेजारच्या चार ठिपक्यांची सरासरी घेतो. मूळ रेझोल्यूशनला हिशेब ठिपक्याच्या बरोबर मध्यावर पडेल अशी बेतशीर मांडणी केलेली असते. चौपट केलं की मधल्या जागाही भराव्या लागतात, आणि कडेला शेजाऱ्याचा रंग आत येतो, ताटातला वरणाचा ओघळ भाजीत शिरावा तसा. म्हणून टेक्श्चर फिल्टरिंग आधी ‘बायलिनियर (पीएस२)’ वर आहे ना ते पाहा. त्यात गेमने जिथे मागितलं तिथेच फिल्टर लागतो. ‘फोर्स्ड’ सगळीकडे लादतो, आणि माझ्या मते निम्मी भांडणं तिथूनच सुरू होतात.

टेक्केन, सोल कॅलिबर, एस कॉम्बॅट अशा नामकोच्या गेममध्ये उभ्या रेघा असतील, तर ‘अलाइन स्प्राइट’ त्यासाठीच आहे. प्रकाशाच्या झळाळीची सावली बाजूला सरकलेली दिसली, तर ‘हाफ पिक्सेल ऑफसेट’. पण हाताने दुरुस्तीचा पर्याय चालू केला की इम्युलेटर त्या गेमसाठी आपणहून लावत असलेल्या दुरुस्त्या बंद होतात. एक रेघ घालवताना दोन नव्या खोटी उगवल्या, तर आधी इथे बघा.

डिस्प्लेच्या पानावरही एक ‘बायलिनियर’ आहे. तो टेक्श्चरचा नव्हे. पूर्ण झालेलं चित्र पडद्याएवढं ताणताना लागतो. सगळंच सारखं धूसर दिसत असेल, तर तो तपासा.

ग्राफिक्स ड्रायव्हरचं पॅनेलही उघडून बघा. एकदा मी अख्खी संध्याकाळ इम्युलेटरमध्ये घालवली, आणि अॅनिसोट्रॉपिक फिल्टरिंग (तिरक्या पृष्ठभागांवरची टेक्श्चर सुस्पष्ट करणारा फिल्टर) ड्रायव्हरमधूनच १६ पट लादलेलं निघालं. कुठल्याशा रेसिंग गेमसाठी मीच ते कधीतरी लावून ठेवलं होतं. ते ‘अॅप्लिकेशन ठरवेल’ वर असू द्या.

पहिल्या प्लेस्टेशनचा गेम असेल, तर अपेक्षा आधीच उतरवा. त्या यंत्रात टेक्श्चर फिल्टरिंग नव्हतंच. ठोकळे दिसणं हेच खरं. डकस्टेशनमध्ये (पहिल्या प्लेस्टेशनच्या इम्युलेटरमध्ये) बायलिनियर लावून झाडांच्या पानांना किनारी आल्या, तर निमूट ‘निअरेस्ट’ वर, म्हणजे रंग न मिसळणाऱ्या पर्यायावर, परत जा.

यानंतर एका वेळी एकच बदल करायचा, एफ ३ ने तीच स्टेट उघडायची आणि पहिल्या स्क्रीनशॉटशी ताडून पाहायचं. तरीही रेघ राहिली, तर त्या फ्रेमचा जीएस डम्प (जीएस म्हणजे प्लेस्टेशन २ ची ग्राफिक्स चिप) काढून ठेवा. चित्र काढण्याच्या आज्ञा त्यात जशाच्या तशा असतात, त्यामुळे इम्युलेटर दुरुस्त करणाऱ्याला स्क्रीनशॉटपेक्षा तोच हवा असतो.