दहा हजारांच्या आतला फोन घेताना: आधी मेमरी, मग बाकीचं

इंदूरमध्ये स्वस्तातला स्मार्टफोन घ्यायचा म्हटलं की पावलं जेल रोडकडे वळतात. दुकानदार सुरुवात मेगापिक्सेलपासून करतो. तुम्ही आधी मेमरीचं विचारा, कारण असा फोन वर्ष-दीड वर्षात रखडायला लागतो तो बहुतेक वेळा स्टोरेज (फोटो-अ‍ॅप्स साठवायची जागा) आणि रॅममुळे (चालू कामापुरती मेमरी).

स्वस्त फोनमध्ये स्टोरेज दोन प्रकारचं मिळतं. ईएमएमसी ५.१ एका वेळी वाचतं किंवा लिहितं, यूएफएस २.२ दोन्ही कामं एकदम करतं आणि वेगानेही बरंच पुढे आहे. पडद्यामागे प्ले स्टोअर अपडेट उतरवत असताना व्हॉट्सअ‍ॅप उघडलं आणि फोन अडकला, तर बऱ्याचदा दोष ईएमएमसीचा असतो. जागा भरत आली की ते आणखी मंद होतं, कारण नवीन लिहिण्याआधी जुने ब्लॉक (साठवणीचे कप्पे) पुसून मोकळे करावे लागतात. खोक्यावर हा प्रकार सहसा छापत नाहीत, म्हणून घरीच कंपनीच्या वेबसाइटवर बघून निघा. कुठेच उल्लेख नसेल तर ईएमएमसी आहे असं समजून चाला. ६४ जीबीच्या खाली जाऊ नका. १२८चं मॉडेल थोडं महाग पडलं तरी तेच घ्या, पैसे वसूल होतात.

रॅमचा आकडा नीट वाचा. मोठ्या अक्षरांत ‘८ जीबी’ आणि खाली बारीक ‘४+४’ असेल, तर खरी रॅम चारच. उरलेली चार स्टोरेजमधून उसनी घेतलेली असते. ईएमएमसीच्या फोनमध्ये ही उसनवारी सेटिंग्जमध्ये जाऊन बंद करून पाहा. हळू स्टोरेजवरची सततची ये-जा थांबते.

एचडी+ स्क्रीन म्हणजे ७२० बाय १६००. ते चालतं: पिक्सेल कमी, म्हणून चिपवर ताण कमी आणि बॅटरीही टिकते. पण दुकानाच्या दारात उन्हात धरून, ब्राइटनेस पूर्ण करून, अक्षरं दिसतात का ते बघाच. मागच्या दोन-तीन कॅमेऱ्यांपैकी कामाचा बहुधा एकच असतो. २ मेगापिक्सेलची जोडीची भिंगं नुसती शोभेची. ५००० एमएएच बॅटरी आणि १० वॅटचा चार्जर असेल तर पूर्ण चार्जिंगला अडीच-तीन तास धरा.

५जी हवं असेल तर आधी सिम कोणाचं ते बघा. जिओचं ५जी पहिल्यापासून स्टँडअलोन पद्धतीचं, म्हणजे ४जीच्या आधाराशिवाय चालणारं आहे, एअरटेलने सुरुवात नॉन-स्टँडअलोनने, म्हणजे ४जीच्या आधाराने केली. स्नॅपड्रॅगन ४एस जेन २ ही चिप फक्त स्टँडअलोन चालवते, त्यामुळे तिच्या फोनमध्ये एअरटेलचं सिम ४जीवरच राहू शकतं.

पैसे देण्याआधी *#०६# दाबा. स्क्रीनवरचे आयएमईआय (फोनचे ओळख क्रमांक), खोक्यावरचे आणि बिलावरचे, तिन्ही जुळायला हवेत. मग इंग्रजी अक्षरांत केवायएम लिहून, एक जागा सोडून पंधरा आकडी आयएमईआय टाका आणि १४४२२ वर एसएमएस करा. उत्तरात येणारा ब्रँड आणि मॉडेल हातातल्या फोनशी ताडून पाहा. नंबर काळ्या यादीत निघाला तर फोन तिथेच परत करा.

दुकानातला मुलगा भराभर ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करून फोन सुरू करून देतो. ते त्याला करू देऊ नका. त्यात सुचवलेली अ‍ॅप्स, लॉक स्क्रीनवरच्या जाहिराती, सगळ्याला होकार जातो. स्वतः करा आणि प्रत्येक पानावर नको असलेली खूण काढा. इथे भाषा हिंदीच ठेवली जाते. मग आजी ‘आहे’ लिहायला गेली की कीबोर्ड हिंदी शब्द पुढे करतो. जीबोर्डच्या (गूगलच्या कीबोर्डच्या) भाषांमध्ये मराठी जोडा. इंग्रजी अक्षरांत टाइप करायची सवय असेल तर मराठीचा ‘एबीसी’वाला प्रकार निवडा.

शेवटी व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टोरेज सेटिंगमध्ये फोटो, व्हिडिओ, ऑडिओ आपोआप उतरणं मोबाइल डेटा आणि वायफाय दोन्हींवर बंद करा. ६४ जीबीचा फोन सर्वांत लवकर भरतो तो सुप्रभातच्या चित्रांनी आणि लग्नाच्या व्हिडिओंनी.