जुन्या नदीबोटीचं आतलं लाकूडकाम: घासायच्या आधी पाणी शोधा

जुनी बोट ताब्यात आली की पहिल्याच दिवशी पॉलिश पेपर घेऊन घासायला बसावंसं वाटतं, पण तेवढं थांबा. केबिनमधलं लाकूड खराब झालंय म्हणजे कुठून तरी पाणी आत येतंय, आणि ते बंद न करता वरून कितीही वॉर्निश मारलं तरी पुढच्या पावसाळ्यात तेच काळे डाग परत दिसणार. आणि ते पाणी सहसा नदीचं नसतं, वरून आलेलं पावसाचं असतं. खिडक्यांच्या चौकटी, हॅच म्हणजे डेकमधली झाकणाची दारं, डेकवर रेलिंग किंवा दोर बांधायचे खुंटे जिथे स्क्रूने बसवलेत ती भोकं, पाणी आत घुसायच्या जागा ह्याच. त्यातून डोकं खाणारी गोष्ट म्हणजे पाणी शिरतं एकीकडे, वरच्या तुळईवरून सरकत जातं आणि ठिबकतं भलतीकडेच, म्हणून डाग दिसतो तिथेच गळती आहे असं धरून चालू नका.

शोधायची पद्धत सोपी आहे पण दोन माणसं लागतात. आतून चौकटीच्या खालच्या सांध्यांवर खडू घासून ठेवायचा, एकाने टॉर्च घेऊन आत बसायचं, दुसऱ्याने बाहेरून पाइपने हळू पाणी सोडायचं, एका वेळी एकच खिडकी आणि खालून वर जात. एकदम वरून पाणी सोडलं तर सगळंच ओलं होतं आणि काहीच कळत नाही. खडूवर पाण्याचा ओघळ लगेच उठून दिसतो, तिथे पेन्सिलने खूण करा. बोट लोखंडी असेल तर अजून एक बघा, अस्तराच्या फळ्यांमागे थंड पत्र्यावर आतल्याच हवेचं पाणी होऊन ओघळतं, तिथे गळती शोधून सापडणार नाही, तिथे इन्सुलेशन आणि खेळती हवा हाच उपाय.

गळती बंद झाली की लाकूड वाळू द्या, आणि हे दोन दिवसांत होत नाही, आठवडे लागतात. ओल मोजायचं मीटर घ्याच. ओल सतत 20 टक्क्यांच्या वर असेल तर कुजवणारी बुरशी धरायचा धोका असतो, आणि वॉर्निश लावायला मी ती 15 च्या खाली येईपर्यंत थांबते. तोपर्यंत स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने सगळीकडे ठोकत फिरा. चांगलं लाकूड खणखणीत बोलतं, कुजलेलं बद्द वाजतं, आणि बद्द वाजलं तिथे आर, म्हणजे मोचीची टोकदार सळी, टोचून बघायची, लोण्यात गेल्यासारखी आत गेली तर तो तुकडा बदलायचाच. पातळ इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून कडक होणारा डिंक, पाजून कुजकं लाकूड पूर्वीसारखं मजबूत होत नाही, उलट आतली ओल आतच कोंडते. सरळ चांगलं लाकूड लागेपर्यंत कापा आणि त्याच जातीचा तुकडा जोडा. भार घेणारा भाग असेल तर सांधा तिरका, जाडीच्या साधारण 8 पट लांब. साग असेल तर चिकटवायच्या अगदी आधी ॲसिटोनने पुसा, त्यातलं तेल डिंकाला धरू देत नाही.

खोलायला घ्यायच्या आधी गॅस आणि वीज बंद. प्रत्येक फळीचा फोटो, फळीच्या मागे पेन्सिलने नंबर, आणि त्या त्या फळीचे स्क्रू वेगळ्या पिशवीत. कंटाळवाणं आहे पण महिन्यानंतर कुठली पट्टी कुठली हे आठवत नाही, आणि जुन्या बोटीत दोन पट्ट्या सारख्या कधीच नसतात. स्क्रूवर लाकडी बूच असेल तर बुचाच्या मधोमध बारीक भोक पाडून त्यात एक स्क्रू पिळा, तो खालच्या स्क्रूच्या डोक्याला टेकला की बूच आपोआप वर येतं, कडा फुटत नाही. जाम झालेल्या पितळी स्क्रूची खाच आधी टोकाने साफ करा, डोक्यावर तापलेला सोल्डरिंग आयर्न मिनिटभर टेकवा, मग आधी किंचित घट्ट पिळा आणि नंतर सैल. जोर लावलात तर पितळ तुटतं.

आता घासायचं का, तर कदाचित गरजच नाही! कापडावर तारपीन घेऊन एक कोपरा पुसून बघा, कित्येकदा वर्षानुवर्षांचं मेण, धूर आणि हाताचा मळ निघतो आणि खाली धडधाकट फिनिश निघतं, ते वाचवा. फिनिश कुठलं आहे ते कळायला आतल्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी, स्पिरिटचा बोळा टेकवा. चिकट झालं तर चपड्याचं पॉलिश, स्पिरिटला दाद देत नाही पण लॅकर थिनरने मऊ पडतं ते लॅकर, दोन्हीला दाद देत नाही ते बहुतेक वॉर्निश. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून रंग असेल तर टेस्ट करा आणि तोपर्यंत कोरडं घासू नका, हीटगनही लावू नका.

काढायचंच असेल तर स्क्रेपर, लाकडाच्या रेषेच्या दिशेने. केबिनमधल्या फळ्या बऱ्याचदा प्लायच्या असतात आणि वरचं विनियर, म्हणजे चांगल्या लाकडाचा चिकटवलेला पापुद्रा, एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असू शकतं. मी पहिल्या बोटीत खिडकीखालच्या महोगनीवर मशीन फिरवली होती, दोन मिनिटांत कोपऱ्यात फिकट डाग उमटला, तो डाग नव्हता, खालचा थर उघडा पडला होता, आणि ते परत आणता येत नाही, अजून तिकडे नजर गेली की वाईट वाटतं. तेव्हापासून विनियरवर मशीन नाही, हाताने, ठोकळ्यावर 180 नंबरचा पेपर, आणि आधी सगळीकडे पेन्सिलच्या फिकट रेघोट्या मारायच्या, रेघ पुसली की तिथे थांबायचं. सुटलेल्या विनियरखाली सिरिंजने डिंक सोडा, वर प्लास्टिक, त्यावर सपाट फळी आणि वजन, एक दिवस हलवू नका.

काळे डाग म्हणजे लोखंड, पाणी आणि लाकडातलं टॅनिन. घासून जात नाहीत, ऑक्झॅलिक ॲसिडने जातात. कोमट पाण्यात विरघळवून ब्रशने पूर्ण फळीवर लावा, नुसत्या डागावर लावलं तर तिथे फिकट ठिपका राहतो. हातमोजे, गॉगल, आणि नंतर भरपूर पाण्याने पुसून काढणं सक्तीचं, वाळलेल्या ॲसिडची धूळ नाकात जाणं वाईट. पहिल्या खेपेला नाही गेला तर दुसऱ्यांदा लावा, घाई करून घासू नका.

वॉर्निशचा पहिला हात पातळ, डब्यावर सांगितलंय तेवढं थिनर घालून, म्हणजे लाकूड पितं. फळीच्या कापलेल्या टोकांना दोन हात जास्त, पाणी तिथूनच चढतं, आणि फळीची मागची बाजू विसरू नका, एकाच बाजूला वॉर्निश असेल तर फळी वाकते. प्रत्येक हात पूर्ण वाळल्यावर 320 ने हलकं घासून पुसून पुढचा. आतमध्ये चार-पाच हात पुरतात. सॅटिन, म्हणजे मंद चकाकीचं, हवं असेल तरी खालचे हात ग्लॉसचे, म्हणजे चकचकीत, आणि फक्त शेवटचा सॅटिनचा ठेवा, रेषा जास्त स्वच्छ दिसतात. डबा हलवू नका, बुडबुडे येतात, काठीने ढवळा. संध्याकाळी दव पडायच्या वेळी काम नको, चकाकी मरते. केबिन लहान असते म्हणून हॅच उघडे, वाफ अडवणारा मास्क, आणि आसपास कुठलीही ज्योत नको. अळशीचं तेल लागलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेटू शकतात, बाहेर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. पायाखालच्या फळ्यांना ग्लॉस अजिबात नको, ओल्या बुटाने माणूस आपटतो.

परत बसवताना कडक लाकडात पितळी स्क्रूच्या आधी त्याच मापाचा स्टीलचा स्क्रू पिळून काढा, आटे पडतात, मग पितळी स्क्रूला मेण लावून घाला. बूच बसवताना त्याची रेष फळीच्या रेषेत ठेवा आणि डिंकाऐवजी वॉर्निशनेच चिकटवा, म्हणजे पुढे कुणाला उघडायचं झालं तर फळी फुटणार नाही. कपाटांच्या दारांना वर-खाली हवेची भोकं ठेवा. आणि चौकटीखालच्या लपलेल्या सांध्यावर खडू परत घासून ठेवा, पहिला जोरदार पाऊस लागला की टॉर्च घेऊन बोटीवर जा आणि तो खडू कोरडा आहे का बघा.