तापी खोऱ्यात जंगल आणि पक्षी बघायला यायचंय? मग प्लॅन असा करा

खान्देश म्हटलं की बाहेरच्या लोकांना 45 डिग्रीचं ऊन आणि केळीचे ट्रक एवढंच आठवतं, पण नोव्हेंबर ते फेब्रुवारीत एकदा येऊन बघा. कालव्याला पाणी असतं, शेतं हिरवीगार असतात, सातपुडा सकाळी अगदी स्वच्छ दिसतो आणि धरणावर लांबून आलेले पक्षी उतरलेले असतात. मध्य प्रदेशात मुलताईला उगम पावून सुरतेकडे जाणारी तापी ही 724 किमीची नदी, तिच्या उत्तरेला सातपुडा आणि दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याचे डोंगर, मधली काळी जमीन म्हणजे आपला खान्देश. एवढा मोठा पट्टा एका विकेंडला कोणालाच होत नाही, म्हणून पहिली गोष्ट ही ठरवा की पूर्वेकडे जायचं (भुसावळ, रावेर, यावल) की पश्चिमेकडे (शहादा, तोरणमाळ). दोन्ही एका ट्रिपमध्ये घातलं तर अर्धा वेळ गाडीतच जाईल आणि पहाटेची वेळ हातची जाईल. इथे सगळं पहाटेवर आहे.

पूर्वेकडून सुरुवात करायची तर भुसावळला उतरा, रेल्वे जंक्शन असल्यामुळे पोचायला सोपं. पहिली सकाळ तापीवरच्या हतनूर धरणाची. पावसाळ्यात हतनूरचे 41 दरवाजे उघडल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतीलच, पण पक्ष्यांसाठी दरवाज्यांपाशी काही नाही, मागच्या बाजूला बॅकवॉटरला जायचं. तापी आणि पूर्णा चांगदेवला एकत्र येतात, तिथून खाली पाणी पसरट होतं, धरणात गाळ खूप साचलाय म्हणून काठाला उथळ चिखल मिळतो आणि बदकं नि चिखल तुडवत खाणारे पक्षी यांना हेच पाहिजे असतं. चक्रवाक जोडीजोडीने बसलेले दिसतील, नारिंगी-तपकिरी रंग, लांबूनही ओळखू येतात. पट्टेरी राजहंस बघायचे असतील तर डोक्यामागचे दोन काळे पट्टे बघा, हे हिमालय ओलांडून येतात आणि सकाळी काठच्या शेतात चरतात. तलवार बदक, थापट्या हेही असतात, नशीब चांगलं असेल तर क्रौंचांचा थवा.

इथे एक नीट लक्षात ठेवा, पाणी उतरलं की जी जमीन उघडी पडते तिथे लोक गाळपेर करतात, त्यामुळे काठापर्यंत गाडी घालू नका, पीक तुडवू नका. शेतात कोणी दिसलं तर आधी रामराम घाला, कुठे पक्षी बसतात ते विचारा. त्यांना रोजचं माहीत असतं आणि बऱ्याचदा स्वतःहून बांधापर्यंत घेऊन जातात. सूर्य पाठीमागे ठेवून उभं राहायचं, नाहीतर सगळी बदकं काळीच दिसतील. दुर्बीण 8 बाय 42 ची पुरेशी आहे. जॅकेट न्याच, डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा 10 च्या खाली जातो आणि पाण्यावरचा वारा त्याहून बोचतो.

ऊन चढलं की चांगदेवचं दगडी देऊळ आणि कोथळीचं मुक्ताईचं देऊळ करून घ्या, दोन्ही याच भागात. दुपारी जेवायला भरीत. हिवाळ्यात पांढरट-हिरवी लांबट वांगी पऱ्हाटीच्या (कापसाच्या वाळलेल्या काड्यांच्या) जाळावर भाजतात, मग लाकडी भांड्यात हिरवी मिरची-लसणाबरोबर ठेचतात, सोबत कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी किंवा पुरी. गॅसवर भाजलेल्या वांग्याला ती चव येतच नाही. या भागात आलात आणि हॉटेलात पनीर मागवलंत तर मला खरंच वाईट वाटेल.

पुढचा मुक्काम पाल, रावेर तालुक्यात, सातपुड्याच्या कुशीत. यावल अभयारण्य हेच, 1969 साली जाहीर झालेलं, साधारण 175 चौ. किमी, सुकी नदीचं खोरं. अंजन, सालई, धावडा आणि साग. बिबट्या, अस्वल, सांबर, भेकर, चौसिंगा आहेत, वाघाच्याही खुणा अधूनमधून मिळतात, पण वाघ बघायला इथे येऊ नका, त्यासाठी ताडोबा आहे. इथे पायाखालचं बघा, पाणवठ्याच्या ओल्या मातीत ठसे, वाटेवर अस्वलाची विष्ठा, त्यात बोरांच्या बिया. आत जायची परवानगी वन्यजीव विभागाकडून आधीच विचारून घ्या, स्थानिक वाटाड्या घ्या आणि अंधार पडायच्या आत परत या. पावसाळ्यात येणार असाल तर यावल तालुक्यात मनुदेवीचा धबधबा, पण तेव्हा पक्षी कमी, गर्दी जास्त, आणि ओढ्याला अचानक पाणी येतं.

आता पश्चिमेकडचं, मला सगळ्यात जवळचं. शहाद्याहून म्हसावद, राणीपूर करत सातपायरी घाटाने तोरणमाळला जायचं, वर यशवंत तलाव, सीताखाई, गोरखनाथाचं मंदिर. पण खरा खजिना आहे रानपिंगळा. हे छोटं घुबड 1873 साली शास्त्रज्ञांनी पहिल्यांदा नोंदवलं, 1884 नंतर त्याचा पत्ताच नाही, सगळ्यांनी संपलं असंच धरलं होतं. मधे संग्रहालयात जपलेला 1914 चा एक नमुना होता, तो चोरीचा आणि खोटं लेबल लावलेला निघाला, त्यामुळे आधी शोधही चुकीच्या जागी झाला. मग नोव्हेंबर 1997 मध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांना शहाद्याजवळच्या जंगलात तो जिवंत दिसला, 113 वर्षांनी! आपल्या खान्देशात!

ओळखायचा कसा? गावाजवळ वडावर दिसतो तो साधा पिंगळा, त्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके भरपूर. रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं, राखाडी-तपकिरी, छाती गडद, पोट पांढरं, शेपटीवर रुंद पट्टे, आणि पाय चांगले दणकट. हा दिवसा फिरतो. थंडीत सकाळी आठ-नऊच्या सुमारास सागाच्या निष्पर्ण फांदीवर ऊन खात बसलेला असतो, काही खटकलं की शेपटी झटकन डावी-उजवी करतो, ते एकदा बघितलं की विसरणार नाही. सरडे, नाकतोडे, उंदीर हे त्याचं खाणं, म्हणून दाट रानापेक्षा विरळ, मोकळं सागाचं जंगल शोधा. गाडी लांब उभी करा, हळू चाला, दर थोड्या अंतराला थांबून झाडं नीट बघा.

मोबाईलवर त्याचा आवाज वाजवून त्याला बोलवू नका, हे मी हात जोडून सांगतो. त्याची वीण हिवाळ्यातच सुरू होते, तो झाडाच्या ढोलीत घरटं करतो, आवाज ऐकला की घुसखोर आलाय समजून घरटं सोडून भांडायला येतो. आधीच सातपुड्यातलं जंगल तोडून शेतं वाढतायत, जुनी पोकळ झाडं कमी झालीत, वरून आपला त्रास कशाला. ढोली दिसली तर मागे फिरा, फोटो लांबूनच घ्या.

होळीच्या आधीच्या आठवड्यात आलात तर सातपुड्यातल्या पावरा आदिवासींचा भोंगऱ्या बाजार लागतो, ढोल, दागिने, माणसांचा समुद्र. बघा, पण न विचारता बायकांचे फोटो काढू नका.

दक्षिणेला चाळीसगावजवळ पाटणादेवी आहे, गौताळा अभयारण्यात, केदारकुंड आणि पितळखोऱ्याच्या लेण्यांची वाटही तिथूनच, पण तो वेगळा दिवस ठेवा.

रोख पैसे आणि पाणी सोबत ठेवा, घाट चढलं की नेटवर्क जातं. आणि रानपिंगळा दिसलाच, तर फोटो टाका, पण जागा लिहिताना तालुक्याचं नाव पुरे, लोकेशन पिन नको.